देवीच्या मृत्यूनंतर धर्मराज्य कसे टिकते: अद्भुतकथा रचणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

ज्या राज्याची अधिपती स्वतः देवी आहे, जी खरोखर अस्तित्वात आहे, कौल देते, पाणी राखते आणि शत्रूला थोपवते, त्या राज्यात ती देवीच मेली तर पुढे काय होते, हा अद्भुतकथेतला अतिशय सकस प्रश्न आहे. बहुतेक लेखक मृत्यूचा प्रसंग मन लावून रचतात आणि पुढच्याच प्रकरणात एक तर अराजक आणतात किंवा नवा देव आणून मोकळे होतात. मधला भाग कोराच राहतो: दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराचे दरवाजे कोणाच्या हुकुमाने उघडतात, आज्ञापत्रावर कोणाचा शिक्का बसतो, सैनिकांचा पगार कोणाच्या नावाने वाटला जातो. हा लेख त्या मधल्या भागासाठी आहे.

माझे मत असे की, असे राज्य तगेल की नाही हे प्रजेची श्रद्धा किती गाढ होती यावर फारसे ठरत नाही. देवी जिवंत असताना तिच्या वतीने बोलण्याचा, लिहिण्याचा आणि निवाडा करण्याचा अधिकार किती जणांकडे, किती स्पष्ट नियमांनी वाटला गेला होता, यावर ते ठरते. म्हणून तगण्याची तयारी कथेत मृत्यूच्या आधीच दिसली पाहिजे, आणि ती तयारी कोणी मृत्यूच्या अपेक्षेने केलेली नसावी. रोजच्या कारभाराच्या गरजेतून ती आपोआप झालेली असावी.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक नमुना राज्य गृहीत धरू. ते नदीकाठी वसलेले आहे. तिथली देवी तीन गोष्टी करते: दरवर्षी नदीचा पूर नेमक्या पातळीवर राखते, न्यायसभेत खोटी शपथ घेणाऱ्याची वाचा बंद करते आणि उत्तरेच्या खिंडीत अखंड अग्नी तेवत ठेवून शत्रूला अडवते. बाकी सगळा कारभार माणसे करतात, पण तिच्या नावाने.

पहिली पायरी: देवीच्या कामांची यादी

लेखन सुरू करण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात देवी स्वतः करत असलेली कामे लिहावीत, दुसऱ्यात तिच्या नावाने माणसे करत असलेली. इतिहासातल्या देवाच्या नावाने चाललेल्या राज्यांत पहिला रकाना जवळजवळ रिकामा असे. विजयनगरचे राजे ताम्रपटाच्या शेवटी ‘श्री विरूपाक्ष’ अशी देवाची सही करत, मेवाडचे राणे स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणवत, आणि त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० मध्ये संपूर्ण राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केले व त्याचे वारस पद्मनाभदास म्हणून राज्य करू लागले. या तिन्ही ठिकाणी देवाचे मौन व्यवस्थेत आधीच धरलेले होते. देव बोलला नाही म्हणून कोणताही हुकूम अडला नाही. तुमच्या राज्यात देवी प्रत्यक्ष बोलत असेल, तर ते अशा राज्यांपेक्षा कितीतरी जास्त नाजूक आहे, हे प्रथम मान्य करावे.

पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक कामापुढे आणखी एक गोष्ट लिहावी: हे काम थांबल्याचे सर्वांत आधी कोणाला आणि किती काळाने कळेल? नमुना राज्यात खिंडीतला अग्नी विझल्याचे पहाऱ्यावरच्या सैनिकांना त्याच रात्री कळेल. शपथेची शक्ती गेल्याचे कोणीतरी न्यायसभेत धडधडीत खोटे बोलून सहीसलामत बाहेर पडेल तेव्हा कळेल, आणि ते सर्वांत आधी त्या खोटे बोलणाऱ्यालाच कळेल. पुराचे मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणालाच कळणार नाही. एवढ्या नोंदीतूनच कथेचा अर्धा आराखडा तयार होतो, कारण एकाच राज्यातली तीन प्रकारची माणसे तीन वेगळ्या वेळी सत्याला सामोरी जातात, आणि सीमेवरचा शिपाई महापुजाऱ्याच्या आधी जाणता होतो.

देवी कशी मेली, हे ठरवण्यात लेखक फार वेळ घालवतात. राज्याच्या दृष्टीने त्यातले दोनच तपशील महत्त्वाचे आहेत: मृत्यूचे साक्षीदार कोण होते आणि मागे काही उरले आहे का. देवीला शत्रूने भर रणांगणात मारले असेल तर तिच्या अंतर्धानाची कथा रचता येणार नाही. ती गाभाऱ्यात हळूहळू क्षीण होत गेली असेल आणि ते चार सेविकांनीच पाहिले असेल, तर पुढची शंभर वर्षे त्या चौघींच्या साक्षीवर उभी राहतील.

दुसरी पायरी: बातमी कोणाच्या हातात आहे

बातमी दडवण्याचा मोह प्रत्येक राज्यकर्त्या वर्गाला होणार, आणि इतिहासात तो झालेलाही आहे. तिबेटचे पाचवे दलाई लामा १६८२ मध्ये निवर्तले. त्यांचे प्रमुख प्रशासक सांग्ये ग्यात्सो यांनी ते प्रदीर्घ ध्यानाला बसले आहेत असे सांगून ही गोष्ट सुमारे १५ वर्षे लपवली. त्या काळात पोताला प्रासादाचे बांधकाम पुढे नेले गेले आणि नव्या अवताराचा शोध व संगोपन गुपचूप केले गेले. राज्य त्या अर्थाने टिकले. पण १६९७ मध्ये सहावे दलाई लामा गादीवर आले ते तरुण वयात. लहानपणापासून उघडपणे मिळणारी घडण त्यांना मिळाली नव्हती, आणि पुढे त्यांनी भिक्षूची व्रते परत केली. आपल्याला अंधारात ठेवले गेले ही गोष्ट शेजारच्या सत्तांच्या मनात राहिली. १७०५ मध्ये मंगोल सत्ताधीश लाझांग खानाशी झालेल्या संघर्षात सांग्ये ग्यात्सो मारले गेले.

लपवलेल्या बातमीमुळे वेळ मिळतो, पण त्या वेळेची किंमत पुढे कोणीतरी चुकवतो. त्यामुळे तुमच्या कथेत गुप्तता असेल, तर ती कशासाठी आहे हे पात्रांना माहीत असले पाहिजे. नमुना राज्यात मी गुप्ततेला फार तर दोन आठवडे देईन आणि त्या अवधीत तीन कामे उरकायला लावीन: खिंडीकडे फौज रवाना करणे, राजमुद्रा आणि खजिन्याच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत देणे, आणि चारही प्रांतांच्या प्रमुख पुजाऱ्यांना राजधानीत बोलावणे, जेणेकरून घोषणा होईल तेव्हा ते एकमेकांच्या नजरेसमोर असतील.

सर्व पुजाऱ्यांची शक्ती देवीच्या मृत्यूबरोबर त्याच क्षणी जात असेल, तर गुप्तता शक्यच नाही. दूरच्या खेड्यातल्या पुजारिणीच्या हाताखालचा रुग्ण बरा व्हायचा थांबला की बातमी फुटली. हा नियम तुम्ही स्वीकारला असेल, तर मृत्यूच्या दिवशी राजधानीला खेड्यांपेक्षा जास्त काहीही माहीत नसते. अशा राज्यात पहिली घोषणा कोण करतो यालाच सर्वाधिक मोल येते. ती घोषणा चुकीची असली तरी पुढच्या सगळ्यांना तिच्याशीच वाद घालावा लागतो.

तिसरी पायरी: मधल्या काळातला अधिकार

सिंहासन रिकामे असताना काय करायचे, याचे सर्वांत बारकाईने लिहिलेले नियम रोमन कॅथलिक चर्चकडे आहेत, आणि ते अनुभवातून आलेले आहेत. १२६८ मध्ये पोप चौथे क्लेमेंट वारल्यावर विटेर्बो शहरात जमलेल्या कार्डिनलांना (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना) नवा पोप निवडायला १२७१ साल उजाडले. शेवटी शहराच्या लोकांनी त्यांना कोंडून घातले. त्या निवडणुकीतून आलेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये नियमच केला की निवड करणाऱ्यांना एकत्र बंद ठेवावे आणि विलंब होत जाईल तसतसे त्यांचे जेवण कमी करत अखेर भाकरी, पाणी आणि द्राक्षमद्य यांवर आणावे. रिकाम्या काळात काहीही नवीन करू नये, हे तत्त्वही त्याच परंपरेत रुजले.

हे तत्त्व तुमच्या राज्याने उचलण्यासारखे आहे. अंतरिम मंडळाला चालू कर गोळा करता यावा, पगार देता यावा, खटले चालवता यावेत. पण नवी आज्ञा ‘देवीची आज्ञा’ म्हणून काढता येऊ नये. हा निर्बंध लिहिला नाही, तर तिसऱ्याच दिवशी कोणाला तरी स्वप्नात दृष्टान्त होईल, आणि त्यात नेमके त्याच्याच घराण्याला अनुकूल असे काही सांगितलेले असेल.

मंडळात कोण असावे, याचे उत्तर पहिल्या यादीत आहे. महापुजारी असणारच, पण पाण्याचा हिशेब ठेवणारा अधिकारी, खजिनदार, न्यायसभेची प्रमुख आणि खिंडीचा सेनापती यांच्याशिवाय ते मंडळ फक्त शोकसभा ठरेल. या लोकांना देवीच्या काळात फारसा मान नव्हता, कारण चमत्कार होत असताना हिशेबनीसाची गरज कोणाला वाटत नाही. त्यांचे एकाएकी महत्त्व वाढणे, त्यावर जुन्या पुजाऱ्यांचा संताप होणे आणि त्या हिशेबनीसांचेही आतून तुटलेले असणे (त्यांचीही देवीच मेली आहे) यात उत्तम व्यक्तिरेखा दडलेल्या आहेत.

चौथी पायरी: चमत्कारांची जागा कशाने भरायची

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण वाचकाचा विश्वास येथेच बसतो किंवा उडतो.

पुरापासून सुरुवात करू. देवी पूर राखत होती म्हणून लोकांनी नदीच्या अगदी काठापर्यंत वस्ती केली असणार, बांध घातले नसणार, धान्याचे मोठे साठे ठेवले नसणार आणि पाण्याची पातळी मोजण्याची गरजही कोणाला वाटली नसणार. कृपेने माणसांना निश्चिंत केले होते, आणि त्या निश्चिंतपणाची बेरीज आता संकट म्हणून समोर येते. मंडळासमोर काम आहे: पुढच्या पावसाळ्यापूर्वी खालच्या वस्त्या हलवणे, पातळीच्या खुणा कोरणे, धान्य साठवणे. पण हे सगळे करायचे तर देवी गेली हे मान्य करावे लागते. बांध घालणे हाच पाखंडाचा कबुलीजबाब ठरतो. मंदिराची निष्ठावंत माणसे बांधाच्या कामावर जाणाऱ्या मजुरांना अडवतील, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूने अगदी सुसंगत असेल: ज्याने आईवर विश्वास सोडला त्यानेच आईला घालवले.

शपथेचा प्रश्न अधिक खोल आहे. ज्या न्यायसभेत खोटे बोलणाऱ्याची वाचा जात होती, तिथे पुरावा गोळा करण्याची पद्धतच विकसित झालेली नसेल. उलटतपासणी नाही, दस्तऐवज नाहीत, साक्षीदार किती हवेत याचा नियम नाही. न्यायाधीशांना माणूस खोटे बोलतो आहे हे चेहऱ्यावरून ओळखण्याचा सरावही नाही. हे सगळे एका वर्षात उभे करावे लागेल. त्यासाठी माणसे कोठून येतील? व्यापारी, कारण परदेशातल्या व्यवहारांत त्यांना देवीचा आधार नव्हता आणि लेखी करार करण्याची सवय होती. परदेशात राहून आलेले, संशयाने पाहिले जाणारे लोक अशा रीतीने राज्याला एकाएकी अपरिहार्य होतात. पहिला चुकीचा निवाडा हा तुमच्या कथेतला अत्यंत महत्त्वाचा प्रसंग आहे. एका निरपराध माणसाला शिक्षा होते, पुढे ते उघड होते, आणि न्यायसभा चुकू शकते हे प्रजेला इतिहासात पहिल्यांदा कळते. न्यायसभेने त्यानंतर अपिलाची सोय केली तर राज्य तगण्याच्या मार्गावर आहे. तिने चूक झाकली तर शपथेबरोबर न्यायही मेला.

खिंडीतला अग्नी सैन्याने भरून काढता येतो, पण सैन्य पोसावे लागते आणि त्याच्या सेनापतीला आपण किती आवश्यक आहोत हे लवकरच कळते. देवीच्या मृत्यूनंतर धर्मराज्याचा अंत होतो तो बहुधा परक्या आक्रमणाने नव्हे, तर वाचवणाऱ्या सेनापतीच्या हाती. त्यामुळे खिंडीची फौज एका माणसाच्या हाताखाली किती काळ राहील, तिचा पगार राजधानीतून कोण पाठवेल आणि बदली कोण करेल, हे नियम कथेत दिसावेत. ते मोडले गेले तरी चालेल. मोडताना दिसले पाहिजेत.

कौल देणारी देवी असेल तर तिच्या वाणीची जागा कशी भरायची, याचे एक नमुनेदार उदाहरण रोमकडे आहे. संकटकाळी पाहिले जाणारे सिबिलीय भविष्यग्रंथ इ.स.पू. ८३ मध्ये ज्युपिटरच्या मंदिराला लागलेल्या आगीत जळाले. सेनेटने काही वर्षांनी, इ.स.पू. ७६ मध्ये, दूत पाठवून एरिथ्रे आणि इतर ठिकाणांहून तशा वचनांचा नवा संग्रह आणवला, आणि त्यातले खरे-खोटे निवडण्याचे काम पुजाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवले. मूळ ग्रंथ गेला तरी तो पाहण्याची कार्यपद्धती शाबूत होती, म्हणून नव्या मजकुरालाही अधिकार मिळाला. तुमच्या राज्यात देवीने पूर्वी दिलेल्या कौलांची नोंद कोणी ठेवली होती का, हे तपासावे. ठेवली असेल, तर नोंदी सांभाळणारी ती व्यक्ती पुढच्या पिढीतली सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती आहे. नवीन प्रश्नाला जुना कौल कसा लागू पडतो हे आता तीच सांगणार.

देवीची थोडी शक्ती कोठे उरली आहे, अस्थींमध्ये, विहिरीत किंवा शेवटच्या पुजारिणीच्या हातात, अशी योजना मोहक वाटते. ती वापरावी, परंतु हा साठा मोजका असावा आणि वापरला की संपावा. मग तो कोणासाठी खर्चायचा, महामारी आलेल्या खेड्यासाठी की आजारी महापुजाऱ्यासाठी, हा प्रश्न राज्याचे खरे स्वरूप उघडे करतो.

पाचवी पायरी: मालमत्ता, कर आणि जुन्या शपथा

जमीन देवीची, खजिना देवीचा, कर देवीला; आणि देवी मेली. आता हे सगळे कोणाचे? अद्भुतकथांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि वास्तवात तो पहिल्याच आठवड्यात विचारला जाईल, कारण कुळांनी खंड का द्यावा हे त्यावरच अवलंबून आहे.

भारतीय कायद्याने या प्रश्नाचा एक सुरेख मार्ग काढला आहे. मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले जाते, ती मालमत्ता धारण करू शकते आणि तिच्या वतीने सेवेकरी कारभार पाहतो. १९२५ च्या एका निवाड्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायसंस्थेने, तर मूर्तीची स्वतःची इच्छा विचारात घेण्यासाठी तटस्थ प्रतिनिधी नेमावा असे म्हटले. मूर्ती भंगली तरी दानामागचा धार्मिक हेतू शिल्लक राहतो आणि कायद्यातले ते व्यक्तिमत्त्व संपत नाही, हेही मान्य झालेले तत्त्व आहे. नमुना राज्यातल्या न्यायसभेची प्रमुख असाच निवाडा देऊ शकते: देवीचा देह गेला, परंतु जमीन ज्या हेतूने दिली गेली तो हेतू जिवंत आहे, म्हणून मालकी बदललेली नाही. हा एक निवाडा दहा चमत्कारांच्या तोलाचा आहे.

त्याचा धोकाही दाखवावा. इंका साम्राज्यात मृत सम्राटाची संपत्ती त्याच्या वंशजांच्या गटाकडे राही, त्याच्या ममीची सेवा चाले आणि मेलेल्यांच्या नावावरची जमीन वाढत जाई. वास्कर या राजाने मृतांच्या मालमत्तेवर हात टाकायचा विचार बोलून दाखवला आणि बडी घराणी त्याच्या विरोधात गेली, असे स्पॅनिश वृत्तांत सांगतात. तुमच्या राज्यातही शंभर वर्षांनी मृत देवी ही सर्वांत मोठी जमीनदार असेल आणि जिवंत माणसे भूमिहीन.

करांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्या देवासाठी कर दिला जात होता तो गेला, म्हणून कर आपोआप थांबत नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर ज्यू लोक मंदिराला देत असलेला वार्षिक कर रोमन सम्राट व्हेस्पेशियनने रद्द केला नाही. तो रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिराकडे वळवला. विजेत्या शेजाऱ्याने देवीच्या नावाचा कर आपल्या देवाकडे वळवला तर होणारा अपमान लढाईतल्या पराभवापेक्षा जास्त काळ टिकतो.

देवीच्या साक्षीने झालेली लग्ने, कर्जे, तह आणि सैनिकांच्या निष्ठेच्या शपथा मृत्यूनंतर बंधनकारक आहेत की नाहीत, याचा निर्णय मंडळाने घोषणेच्या दिवशीच जाहीर करावा. उशीर झाला तर कर्जदार पहिला फायदा घेतील. सैनिकांची शपथ मात्र नव्याने घ्यावी, सर्वांसमक्ष, आणि तीत सेनापतीचे नाव नसावे.

सहावी पायरी: धर्मसिद्धान्त, आणि प्रत्येक सिद्धान्ताचा लाभार्थी

देवी का गेली याचे स्पष्टीकरण द्यावेच लागते. स्पष्टीकरण निवडताना लेखकाने सत्य काय आहे एवढेच पाहू नये. त्या स्पष्टीकरणाने कोणाच्या हाती सत्ता जाते हे पाहावे.

‘देवी रागावून गेली’ ही सर्वांत जुनी मांडणी आहे. इ.स.पू. ६८९ मध्ये असीरियाच्या सेनाखेरिबने बॅबिलोन उद्ध्वस्त केल्यावर, त्याचा मुलगा एसरहद्दोन याच्या काळच्या लेखांत असे सांगितले गेले की मार्दुक देव आपल्याच लोकांवर कोपून शहर सोडून गेला होता. देवाने ७० वर्षांचा उजाडपणा लिहिला होता, पण दया येऊन त्याने आकडा उलटा केला आणि तो ११ झाला, कारण त्या लिपीत ७० ची चिन्हे उलटी मांडली की ११ होतात. पुनर्बांधणीला लागणारी धर्माज्ञा त्यांनी अशी मिळवली. या मांडणीत देवी जिवंत राहते आणि दोष प्रजेवर जातो. सत्ता प्रायश्चित्त ठरवणाऱ्यांच्या हाती जाते, आणि काही वर्षांत कोणाला तरी बळीचा बकरा केले जाते.

‘देवी गुप्त आहे’ ही दुसरी. पैगंबरांचे वारस म्हणून बारा इमाम मानणाऱ्या शिया परंपरेत बारावे इमाम ८७४ मध्ये दृष्टिआड झाले असे मानतात. ९४१ पर्यंत एकामागून एक चार प्रतिनिधींनी त्यांच्या वतीने समाजाशी संपर्क ठेवला, आणि चौथ्यानंतर कोणी वारस नेमला गेला नाही. हळूहळू धर्मशास्त्राचे जाणकार मार्गदर्शक झाले. ही वाटचाल कादंबरीकाराने अभ्यासावी, कारण प्रथम व्यक्तिशः नेमलेले प्रतिनिधी आणि मग विद्वानांचा वर्ग हे संक्रमण पिढ्यांच्या अंतराने होते, एका घोषणेने होत नाही.

तिसरी मांडणी अधिकार ग्रंथाकडे नेते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथसाहिबाला दिले. तोपर्यंत ग्रंथ सिद्ध होता आणि १६९९ मध्ये खालसा पंथही उभा राहिला होता. जेरुसलेमचे मंदिर पडल्यावर योहानान बेन झक्काई यांच्याभोवती याव्ने येथे जमलेल्या विद्वानांना बळींच्या जागी प्रार्थना आणि अध्ययन आणता आले तेही अशाच कारणाने: प्रार्थनागृहे आधीपासून गावोगावी होती. म्हणजे तुमच्या देवीने काहीही लिहून ठेवले नसेल आणि राजधानीबाहेर एकही उपासनास्थान नसेल, तर हा मार्ग पात्रांना खुला नाही; तो फुकटात देऊ नये.

चौथी मांडणी पुनर्जन्माची. पुरीला नवकलेवराच्या वर्षी, जसे १९९६ आणि २०१५ मध्ये झाले, जगन्नाथाची जुनी काष्ठमूर्ती निवृत्त होते, तिच्यातला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात नव्या मूर्तीत ठेवतात, जुन्या देहाला मंदिराच्या आवारात समाधी दिली जाते आणि दैतापती सेवेकरी सुतक पाळतात. देवाच्या देहाच्या अंताला परंपरेत आधीच जागा आहे, म्हणून तो धक्का ठरत नाही. देवीला नवा देह मिळण्याची वाट असेल तर ओळख पटवण्याची परीक्षा कोण घेतो, हा प्रश्न केंद्रस्थानी येतो.

पाचवी मांडणी सर्वांत कठीण आणि मला सर्वांत प्रिय आहे: देवी मेली, ती परत येणार नाही, आणि तिने आपल्याला जे शिकवले ते आता आपल्याला तिच्याविना करायचे आहे. या सिद्धान्ताने कोणाला तात्काळ लाभ होत नाही, म्हणून तो सुरुवातीला दुर्बळ असतो आणि त्याचे अनुयायी बांधावर काम करणारे, रुग्णांची सेवा करणारे लोक असतात. तो राज्याचा अधिकृत सिद्धान्त व्हायला तीन पिढ्या लागतील असे धरून चालावे.

परतीची तारीख मात्र कोणत्याही शहाण्या पुजाऱ्याने जाहीर करू नये. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहिली, तो दिवस कोरडा गेला आणि चळवळ विखुरली. त्यातल्या एका गटाने त्या दिवसाचा अर्थ बदलून, घटना स्वर्गात घडली असे मानून, १८६३ मध्ये नव्या चर्चची स्थापना केली. तुमच्या कथेत तारीख चुकवायची असेल, तर चुकलेल्या तारखेचा नवा अर्थ लावणारे पात्र आधी तयार ठेवावे.

शोकाविषयी थोडे. शोकाचा विधी ठरवावा, त्याला शेवट असावा आणि त्या शेवटानंतर लोकांना काहीतरी काम सांगितले जावे. पंचांगातले देवीचे सण रद्द करू नयेत. तिच्याविना साजरा होणारा पहिला सण हा प्रजेच्या मनःस्थितीचा खरा मापक असतो, आणि त्याचे वर्णन घाईने उरकू नये.

सातवी पायरी: तोतये, फूट आणि शेजारी

वर्षभरात किमान एक स्त्री आपणच देवी आहोत असे सांगत उभी राहील. तिला खलनायिका करण्याची गरज नाही. ती स्वतः पूर्ण विश्वासाने बोलत असेल, आणि देवीचे उरलेसुरले सामर्थ्य खरोखर तिच्या ठायी थोडे असेलही. मंडळाला तिला मारता येत नाही, कारण मग ती हुतात्मा होते, आणि मानताही येत नाही. यावर तिला परीक्षेसाठी मंदिरात ठेवून घेणे हा जुना उपाय आहे; परीक्षा जितकी लांबेल तितकी ती मंदिराच्या ताब्यात राहते.

फुटीबाबत पश्चिम युरोपचा धडा उपयोगी आहे. १३७८ मध्ये एकाच चर्चमध्ये दोन पोप झाले. १४०९ मध्ये तोडगा काढायला बसलेल्या परिषदेने तिसरा निवडला आणि तिघेही अडून राहिले. १४१४ ते १४१८ या काळात चाललेल्या कॉन्स्टन्सच्या परिषदेने अखेर १४१७ मध्ये सर्वमान्य पोप निवडला. त्या जवळजवळ ४० वर्षांत राज्ये आपापल्या सोयीने बाजू निवडत राहिली. तुमच्या राज्यातली फूटही प्रांतांच्या जुन्या हितसंबंधांवरून पडावी. वरच्या प्रांताला बांध नको असतात, कारण पाणी अडले की त्याची शेते बुडतात. म्हणून तो ‘देवी परत येईल’ या पक्षात जातो. असे ठरवले की धर्मवाद आणि पाणीवाद एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही खरे वाटतात.

शेजाऱ्यांपैकी जो सर्वांत आधी हल्ला करील त्याच्यापेक्षा जो सर्वांत आधी सांत्वनाला येईल तो लेखकाने नीट रंगवावा. तो आपल्या देवाचे संरक्षण देऊ करील, आणि ते खरे असेल. पूर राखला जाईल, अग्नी पेटेल. आपले राज्य टिकवायचे की माणसे वाचवायची, हा प्रश्न मंडळासमोर त्या दिवशी येतो, आणि नकार देणाऱ्या पात्राकडे उत्तर असले पाहिजे.

आठवी पायरी: देवीला न पाहिलेली पिढी

देवीच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी कारभार अशा लोकांच्या हाती येतो ज्यांनी तिला कधी पाहिले नाही. त्यांना बांध, अपिलाची सभा, लेखी करार या गोष्टी स्वाभाविक वाटतात, आणि आजी सांगते तो खिंडीतला अग्नी ही कथा वाटते. जुन्या पुजारिणींना हा विसर सहन होत नाही. त्या देवीचा आवाज कसा होता हे लिहून ठेवू लागतात आणि त्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. या विसंगतींना मंदिर कसे वागवते, सगळ्या शेजारी शेजारी ठेवते की एक निवडून बाकीच्या जाळते, यावर पुढच्या शतकाचे राज्य सहिष्णू असेल की कठोर हे ठरवावे.

राहिलेला एक निर्णय कथा लिहायला बसण्यापूर्वीच घ्यावा, मग तो प्रसंग कथेत येवो वा न येवो: ६० वर्षांनी देवी खरोखर परत आली तर काय होईल? तोवर न्यायसभा तिच्याविना निवाडे करायला शिकलेली आहे, जमिनीची मालकी तिच्या हेतूच्या नावावर आहे आणि त्या हेतूचा अर्थ लावणारे लोक जिवंत आहेत, नदीला बांध आहेत आणि त्या बांधांवर लाखोंचे पोट आहे. तिची पहिली आज्ञा त्यांच्या कायद्याशी जुळली नाही, तर ती कोण मानेल आणि कोण तिला विनयाने, हात जोडून, न्यायसभेत येऊन आपली बाजू मांडायला सांगेल, त्या व्यक्तीचे नाव, वय आणि हुद्दा टिपून ठेवावा. मग मागे जाऊन पहिल्या प्रकरणात, देवी जिवंत असताना, त्या व्यक्तीच्या घराण्याला एखादे छोटेसे पद द्यावे.